रागाची माहिती पाठ, राग मात्र ओळखू येईना

संगीत विषय घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या कुणालाही भूप आणि देशकार यांतला फरक विचारा. उत्तर तयार असतं. दोन्हींत मध्यम-निषाद वर्ज्य, दोन्ही औडव, म्हणजे पाच स्वरांचे. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत; देशकाराचा वादी धैवत, संवादी गंधार. एक कल्याण थाटातला (थाट म्हणजे स्वरांवरून पाडलेला रागांचा गट), दुसरा बिलावल थाटातला. एक रात्रीचा, एक सकाळचा. झाले पाच गुण. आता त्याच वर्गात एखाद्या जुन्या गवयाचा देशकार अर्धा मिनिट लावा आणि रागाचं नाव सांगू नका. बरेच जण ‘भूप’ म्हणतात. उरलेले तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधतात.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जे विचारलं जातं ते त्यांनी पाठ केलं आहे. पण विद्यापीठात संगीत शिकवायचं म्हणजे पहिल्या वर्षी नेमकं काय शिकवायचं, हा प्रश्न आपण फार दिवस टाळत आलो आहोत, आणि आता तो टाळण्याची सोयही उरलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत संगीत हा कुणाचा मुख्य विषय असतो, कुणाचा दुय्यम, तर कॉमर्सचा एखादा विद्यार्थी खुला ऐच्छिक विषय म्हणून येऊन बसतो. एकाच बाकावर विशारद झालेली मुलगी, आळंदीला पखवाज शिकून आलेला मुलगा आणि आयुष्यात कधी ‘सा’ न लावलेला तिसराच कुणी. या तिघांना आपण काय देतो? एक शास्त्राचा पेपर आणि एक प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जवळपास शून्य.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या वर्षातली ही फाळणी मोडायला हवी. शास्त्र गळ्यातून, कानातून आणि वाद्यातून निघालं पाहिजे. आणि जे गायलं-वाजवलं जातं त्याबद्दल बोलता आलं पाहिजे. ज्याला गवई व्हायचं आहे त्यालाही आणि ज्याला व्हायचं नाही त्यालाही.

हे दोन पेपर वेगळे कसे पडले याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, कारण ज्यांच्या नावानं ही पद्धत चालते त्यांनी स्वतः असं काही केलं नव्हतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा संगीताला वेळापत्रक, वर्ग, फी आणि परीक्षा आल्या. गाणं घराच्या उंबऱ्याबाहेर येण्यासाठी ते गरजेचंच होतं. सभ्य घरातली मुलं-मुली गाणं शिकू लागली ती त्या शिस्तीमुळे. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. पेशानं वकील. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा दौरा केला, पुढे पूर्व आणि उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, ग्रंथसंग्रह धुंडाळले, उस्तादांना आणि पंडितांना उलटसुलट प्रश्न विचारले, चिजा मिळवल्या आणि लिहून काढल्या. आजच्या भाषेत त्याला क्षेत्रीय संशोधन म्हणतात. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत आहे, चार खंडांत आहे, आणि ती सगळी संवादाच्या रूपात आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा अडवतो, गुरू म्हणतो की याबाबत मतभेद आहेत, अमुक घराण्यात असं गातात, तमुक ग्रंथात तसं लिहिलं आहे. त्यातला शिष्य चांगलाच चौकस आहे.

आपण त्या पुस्तकातून गुरूची उत्तरं तेवढी घेतली. बाजारातल्या कुठल्याही गाइडमध्ये ती दोन-दोन ओळींत मिळतात. शिष्याचे प्रश्न वाटेत कुठे गळाले कोण जाणे.

थाटांचंच बघा. भातखंड्यांनी त्यांच्या काळातल्या रागांची सोयीची मांडणी करण्यासाठी दहा थाट धरले. ही व्यवस्था सोयीची आहे आणि तिला मर्यादा आहेत, हे पहिल्याच आठवड्यात दाखवता येतं. मधुवंती घ्या. गंधार कोमल, मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘थाट : तोडी’. पण तोडी थाटात ऋषभ आणि धैवतही कोमल आहेत. मग मधुवंती तिथं काय करते? पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. तरी तो काफीच्या खात्यावर मांडलेला, आणि काफीचा निषाद तर कोमल. वर्गातल्या एखाद्या मुलीनं हे विचारलं तर तिला उत्तर मिळतं, ‘परीक्षेत काफीच लिही.’ खरं तर तिनं विचारलेला प्रश्न हीच संगीतशास्त्राची सुरुवात आहे. वर्गीकरण कशासाठी करतात, ते कुठे तुटतं, तुटलं की जाणकार काय करतात, कर्नाटक पद्धतीत बहात्तर मेळ (तिथले थाटच म्हणा) का धरले, हे सगळं त्या एका शंकेतून उलगडू शकतं. आपण ती शंका दोन गुणांच्या भीतीनं मारून टाकतो.

श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांच्या, बाबतीत तर प्रकरण हास्यास्पद होतं. तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती इथपासून क्षोभिणीपर्यंत बावीस नावं मुलं परवचा म्हटल्यासारखी म्हणतात. षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गंधाराच्या दोन, हेही येतं. प्राचीन ग्रंथकार स्वर शेवटच्या श्रुतीवर मांडत, भातखंडे पहिल्या श्रुतीवर मांडतात, हा फरकही ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात लिहून होतो. पण या एका बदलानं सगळं सप्तक काफीसारखं होतं की बिलावलासारखं, हे कुणी कधी ऐकलेलं नसतं. भरतानं नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. एक वीणा स्थिर ठेवायची, दुसरीचे स्वर टप्प्याटप्प्यानं उतरवत न्यायचे आणि कुठला स्वर कुठल्या स्वराला जाऊन मिळतो ते ऐकायचं. आज त्यासाठी दोन स्वरमंडळं पुरतात, आणि ती संगीत विभागाच्या कपाटात बहुधा धूळ खात पडलेली असतात. एक दुपार हा प्रयोग करून पाहावा. तो पूर्ण जमणार नाही, तारा उतरतील, वाद होतील, कुणी म्हणेल जुळलं, कुणी म्हणेल नाही. बावीस नावं विसरली तरी ती दुपार लक्षात राहील.

या वादाला महाराष्ट्रात तर वंशपरंपराच आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा त्यासाठी आधार घेतला, इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, श्रुतींची पेटी तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून खडाजंगी झाली. आपल्या अंगणातली एवढी रंगतदार गोष्ट अभ्यासक्रमात येते ती ‘टीपा लिहा’ या मथळ्याखाली, तीही आली तर.

आता तंबोऱ्याकडे येतो, कारण माझ्या मते पहिल्या वर्षाचं पहिलं सत्र नुसत्या तंबोऱ्यावर काढलं तरी ते वाया जाणार नाही.

आज बहुतेक वर्गांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो, नाहीतर मोबाइलवरचं ॲप. सोय म्हणून ठीक आहे. पण खरा तंबोरा वर्गात आणा, चार तारा जुळवा आणि घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा काढून टाका. तार मुकी होते. दोरा पुन्हा सरकवा, केसभर पुढे, केसभर मागे; एका जागी आवाज एकदम फुलतो. आता खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या षड्जाची, तार एकटीच छेडा आणि मुलांना विचारा, षड्जाखेरीज काय ऐकू येतं? आधी कुणालाच काही ऐकू येत नाही. मग एखादी म्हणते, ‘सर, गंधार.’ तिनं सांगितलं की बाकीच्यांनाही तो ऐकू यायला लागतो, आणि एकदा आला की जात नाही. कुणी न छेडलेला गंधार तारेतून येतोय, ही गोष्ट मुलांना थक्क करते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला तो याच चमत्कारावर. मूळ स्वराबरोबर तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांना उपस्वर म्हणतात. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्यांचं कंपन शून्य असतं ते उपस्वर उमटायला नकोत असं तोवरचं शास्त्र सांगत होतं. तंबोऱ्याच्या रुंद, उतरत्या घोडीमुळे ते उमटत होते. रामन यांचं नोबेल त्यानंतर नऊ वर्षांनी आलं, वेगळ्या कामासाठी. पण सायन्सच्या एखाद्या मुलानं संगीत हा दुय्यम विषय म्हणून घेतला असेल तर त्याच्यासाठी याहून चांगलं दार कुठलं?

त्याच तासाला पेटी काढा. पेटीचा गंधार दाबून धरा आणि तंबोऱ्यातल्या गंधाराशी लावून ऐका. पेटीचा चढा आहे. साधारण चौदा सेंटनी (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत शंभर सेंटचं अंतर). मोबाइलवरच्या फुकट ट्यूनरवर ते दिसतंसुद्धा. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी का घातली आणि ती १९७१ पर्यंत का टिकली, यावर आता वर्गात खरी चर्चा होऊ शकते, कारण प्रत्येकानं तो फरक स्वतः ऐकलेला आहे. आणि तरीही गोविंदराव टेंब्यांपासून आजपर्यंत पेटीनं मराठी मैफल कशी सजवली, हेही त्याच मुलांना सांगावं लागेल. वर्गातली निम्मी मुलं पेटीवर गळा ठेवूनच गाणं शिकलेली असतात. मग त्यांच्या गळ्यातला गंधार कुणाचा, हे त्यांनीच गाऊन तपासावं. ऐकणं, गाणं, मोजणं, इतिहास, सगळं एका तासात. पुढे जमलं तर मिरजेला एक फेरी. तिथल्या सतारमेकरांच्या घरांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो तिथपासून जवारी लागेपर्यंतचं काम बघायला मिळतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपले संगीताचे पदवीधर तो कारागीर न बघताच पदवी घेऊन बाहेर पडतात.

भारतीय ज्ञानप्रणाली म्हणून जो नवा भाग आता सगळ्याच अभ्यासक्रमांत आला आहे त्याबद्दल दोन शब्द. संगीतात त्याचं सोनं करता येईल, कारण ‘संगीतरत्नाकर’ आपल्याच भूमीत लिहिला गेला. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबनिसाच्या अधिकारपदावर होता. मला भीती वाटते ती अशी, की आपण मुलांकडून सात अध्यायांची नावं आणि ग्रंथाची थोरवी पाठ करून घेऊ आणि आरती ओवाळून मोकळे होऊ. त्यापेक्षा त्यातली गायकांच्या दोषांची यादी वर्गात वाचा. पंचवीस दोष आहेत. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, कावळ्यासारखा आवाज असलेला, गाल फुगवून गाणारा, मान वाकडी करून गाणारा, नाकातून गाणारा. डोळे मिटून गाणारा हासुद्धा दोषच, ‘निमीलक’. (हा निकष लावला तर आपल्या लाडक्या गवयांपैकी किती जण सुटतील, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.) एवढं वाचल्यावर लक्षात येतं की हा माणूस मैफलींना जाऊन बसत होता, बारकाईनं बघत होता, आणि मग लिहीत होता. यादी हातात देऊन मुलांना एखाद्या मैफलीला किंवा गावच्या भजनाला पाठवा, काय दिसलं ते लिहून आणायला सांगा. यातले कुठले दोष आज दोष वाटत नाहीत आणि का, यावर पाच पानं लिहून येतील, गाइडमध्ये नसलेली.

आता विरोधाकडे. पहिला आक्षेप गाणं शिकवणाऱ्यांकडूनच येतो, आणि तो हलका नाही. ‘पहिलं वर्ष पलट्यांचं, म्हणजे स्वरांच्या ठरीव सरावाचं, आणि खर्जाचं. तेव्हा मुलाच्या डोक्यात विश्लेषण भरलंत की तो स्वर लावताना विचार करायला लागेल, आणि विचार करून गाणं होत नसतं.’ जोडीला दाखला ठरलेला: कुमार गंधर्व कुठल्या विद्यापीठात गेले होते?

विद्यापीठात गेले नव्हते, खरं आहे. पण गेले कुठे ते बघा. लहानपणीच ते मुंबईला बी. आर. देवधरांच्या शाळेत आले. देवधर पलुस्करांचे शिष्य, पाश्चात्त्य संगीतही शिकलेले, आवाजाच्या साधनेचा शास्त्रीय अंगानं अभ्यास करणारे, वेगवेगळ्या घराण्यांच्या चिजा जमवणारे आणि कलावंतांबद्दल लिहिणारे. त्यांच्याकडे नाना घराण्यांचे गवई यायचे, गायचे, बोलायचे, आणि शिष्य ते सगळं ऐकायचे. म्हणजे कुमारांच्या आसपास पहिल्यापासून जे वातावरण होतं ते निव्वळ पलट्यांचं नव्हतं. ज्याला आपण चांगला संगीत विभाग म्हणू त्याच्या फार जवळचं होतं. पुढे क्षयानं देवासला पडून राहावं लागलं तेव्हा त्यांनी काय केलं? माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली, त्या धुनांमध्ये रागाची बीजं शोधली, त्यातून नवे राग उभे केले, ‘अनूपरागविलास’मध्ये बंदिशी नोटेशनसह छापल्या. लोकधून ऐकून तिची स्वररचना उलगडणं हे संगीतशास्त्रच आहे, फक्त त्याला कुणी पेपर क्रमांक दिला नव्हता. रामकृष्णबुवा वझ्यांनी पुस्तकं लिहिली, प्रभा अत्र्यांनी सरगमवर डॉक्टरेट केली आणि एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभाग वर्षानुवर्षं सांभाळला, किशोरी आमोणकरांनी ‘स्वरार्थरमणी’ लिहिलं. विचार केल्यानं गाणं बिघडतं हे यांना कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

या आक्षेपात एक गोष्ट मात्र बरोबर आहे. रियाझाला वेळ लागतो, आणि विद्यापीठ तो देत नाही. श्रेयांकांच्या हिशेबात व्याख्यानाच्या पंधरा तासांना जेवढं मोल, तेवढंच प्रात्यक्षिकाच्या तीस तासांना. म्हणजे गाण्याचा तास कागदावरच अर्ध्या किमतीचा. त्यात अनेक महाविद्यालयांत शिक्षक तासिका तत्त्वावर, तबल्याच्या साथीला एकच माणूस, तोही तीन वर्गांना वाटून. पुण्याच्या विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं तेव्हा गुरूकडे बसून शिकण्याला विद्यापीठाच्या चौकटीत जागा मिळाली, ती सगळीकडे मिळालेली नाही. म्हणून तर माझा आग्रह आहे की शास्त्राच्या तासालाही मुलांनी गावं-वाजवावं. शास्त्राचे तास मुके ठेवणं ही चैन आपल्याला परवडत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: ज्यांना गायचं नाही, नुसतं समजून घ्यायचं आहे, त्यांना गळा काढायला का लावता? अमेरिकेत मँटल हूड यांनी १९६० मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. परक्या संगीताचा अभ्यास करायचा असेल तर ते संगीत स्वतः वाजवायला शिका, असा त्यांचा दंडक होता. लॉस एंजेलिसच्या त्यांच्या विभागात विद्यार्थी जावाचं गामेलान, म्हणजे तिथला धातूच्या वाद्यांचा वृंद, वाजवायला बसत, उत्तम वादक होण्यासाठी नव्हे तर कान तयार होण्यासाठी. कॉमर्सच्या मुलाला यमनाचा ख्याल गाता आला नाही तरी चालेल. पण त्यानं हातानं त्रिताल धरून ‘खाली’ (टाळी न देता मोजायची मात्रा) कुठे येते ते दाखवावं, तंबोऱ्याशी षड्ज जुळवून बघावा आणि तो जुळला नाही हे त्याचं त्याला कळावं. यमनावर त्यानं लिहिलेल्या चार पानांपेक्षा मी याला जास्त गुण देईन.

आणि तो आळंदीचा मुलगा. त्याच्या हातात भजनी ठेका आहे, शंभरभर अभंगांच्या चाली तोंडपाठ आहेत, कुठली चाल कुठल्या रागाच्या जवळची आहे हे त्याला जाणवतं पण सांगता येत नाही. अभ्यासक्रम त्याला पहिल्या दिवशी सांगतो की तू नवशिका आहेस, अलंकार एक ते दहा लिहून आण. अशोक दा. रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. कलासंगीताबरोबर लोकसंगीत, भक्तिसंगीत, जनसंगीत या प्रत्येकाचा स्वतःचा न्याय असतो, हे ते आयुष्यभर मांडत राहिले. त्यांच्या राज्यातल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात वारकरी पखवाजीला शून्यापासून सुरू करावं लागतं. खरं तर पहिल्या सत्रात त्यानं इतरांना शिकवावं. अभंगाच्या चरणातली अक्षरं आणि ठेक्याच्या मात्रा कशा बसतात, कुठे ओढल्या जातात, हे त्यानं वाजवून दाखवावं आणि विशारद मुलीनं ते स्वरलिपीत लिहून दाखवावं. ती अडेल. भातखंडे लिपीत मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाण्याला) वरची कमान आहे, कणस्वराला (ओझरत्या स्पर्शाच्या स्वराला) बारीक अक्षर आहे, पण भजनातली ती खेच कुठल्या खुणेत बसवायची? पलुस्कर लिपीत बसते का? दोघांनी मिळून नवी खूण काढली तर तिला गुण द्यायला हरकत काय?

मग परीक्षेचं काय, हे विचारलं जाईलच. सध्याची तोंडी परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. ‘यमन घ्या… विलंबित नको, छोटा ख्याल म्हणा… चार ताना… एकतालाची दुगुन हातावर दाखवा… बास.’ पंधरा मिनिटांत पोरगी घाम पुसत बाहेर. ती त्या बंदिशीबद्दल काय विचार करते, तीच बंदिश तिनं आणखी कुणाची ऐकली आहे, तिनं तान तिथंच का संपवली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निम्मा वेळ यासाठी ठेवावा. गाऊन झाल्यावर तिला न ऐकलेलं एक ध्वनिमुद्रण ऐकवावं, तीन मिनिटांची जुनी तबकडी पुरे, आणि काय ऐकलं ते बोलायला सांगावं. राग चुकला तरी चालेल. गवई कुठल्या स्वरावर थांबतोय, लय कुठे वाढली, तीन मिनिटांत बसवण्यासाठी त्यानं काय गाळलं असेल, हे सुचतंय का बघावं. गुण देताना मनमानी होईल ही भीती रास्त आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे परीक्षा ध्वनिमुद्रित करायची आणि दुसऱ्या महाविद्यालयातल्या परीक्षकानं नाव न कळता ती ऐकायची. आज गाण्याला मिळणारे गुण तरी कुठल्या काट्यावर तोलले जातात?

अभ्यासक्रम बदलायला अभ्यास मंडळ, विद्या परिषद, ठराव, दोन-तीन वर्षं हे सगळं लागतं. पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आजही वर्गातल्या शिक्षकाच्याच हातात असतात. ‘भातखंडे यांचे सांगीतिक कार्य’ ही गेली कित्येक वर्षं गाइडमधून उतरवली जाणारी गृहपाठाची वही यंदा बंद करावी, आणि तिच्या जागी प्रत्येकाला भूप आणि देशकार यांचं एकेक ध्वनिमुद्रण देऊन फरक गाऊन दाखवायला सांगावं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.